मंगलच्या तासासाठी नेलेला दोर

रहीममामांचं नाव आधी लिहिते, बाकीचं मागाहून. ते विद्यापीठातल्या एका प्रयोगशाळेत मदतनीस आहेत. काचेच्या नळ्या धुतात, यंत्रं पुसतात आणि हर्सूलला राहतात. त्यांचं माझं नातं काही नाही. तरी त्या बारा दिवसांत त्यांनी मला स्टँडवरून उतरवून घेतलं, पाणी कसं वापरायचं ते शिकवलं, जेवू घातलं, आणि एका सकाळी बाकावर शेजारी बसून हळू आवाजात एक प्रश्न विचारला. तो विचारला नसता तर हे मी लिहिलंच नसतं, किंवा लिहिलं असतं तर खोटं लिहिलं असतं.

माझं शिक्षण आठवी, तेही अर्धी. तेव्हा वाचणाऱ्यांनी चुका पोटात घालाव्यात. आम्ही वेंगुर्ल्याच्या बाजूचे, काथ्याचं काम करणारे. नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, खाडीत कुजवायची, झोडून काथ्या काढायचा, त्याचं सुंभ वळायचं आणि सुंभाचे पदर एकत्र वळून दोर करायचा. बाबा माडावरून पडले त्या वर्षी मी शाळा सोडून त्यांच्या जागी चाकावर बसले. माझ्या वर्गात माझी चुलतबहीण मंगल होती. तिचे बाबा माडावरून पडले नाहीत. ती पुढे शिकत गेली, शिकत गेली, ती थेट औरंगाबादेत जाऊन डॉक्टरेटला बसली. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, पण मी गेले तेव्हा एसटीच्या पाटीवर जुनंच होतं.

शिमगा तोंडावर असताना तिचा फोन आला. "सुलू, माका एक दोर होयो. तुझ्या हातचो. आणि तो घेऊन तूच ये."

स्टँडवर

प्रवासाचं काही सांगत नाही. घाट चढल्यावर झाडं कमी होत गेली, आणि सकाळी डोळे उघडले तर खिडकीबाहेर नुसती जमीन. उन्हाळा अजून लागायचा होता आणि माती भाजून काढल्यासारखी दिसत होती. दुष्काळाचं ते लागोपाठचं दुसरं वर्ष होतं. आमच्याकडे पाऊस थांबत नाही म्हणून लोक कावतात. इथं आकाशाकडे कुणी बघतच नव्हतं.

स्टँडवर माझ्या पायाशी काथ्याचं गाठोडं आणि सुटं केलेलं हातचाक होतं. एक उंच, सडपातळ गृहस्थ पांढरी टोपी नीट करत समोर आले.

"सुलूबेटी?"

"तुम्ही कसं ओळखलंत?"

"मॅडम म्हनल्या, नारळाच्या शेंड्यांचं गाठोडं घेऊन जी उतरंल ती माझी बहीण. आता अशी दुसरी कोण उतरनार हाय इथं?"

मॅडम म्हणजे मंगल, तिच्याच प्रयोगशाळेत मामा कामाला. आठवीपर्यंत जिची गणितं मी सोडवून द्यायचे ती मंगल. शहरात पाऊल टाकून दोन मिनिटंही झाली नव्हती आणि माझ्या छातीत पहिली काडी पेटली.

मामांनी गाठोडं स्कूटरला नायलॉनच्या दोरीने बांधलं. मी ते सोडवून पुन्हा बांधलं. ते बघत राहिले.

"बरं," म्हणाले, "स्कूटर तरी मी चालवू का?"

वाटेत सगळीकडे नव्या इमारती उभ्या राहत होत्या. अर्ध्या झालेल्या, बांबूंच्या पिंजऱ्यात, पुढे रंगीत पाट्या: चोवीस तास पाणी, तरणतलाव, बाग. आणि प्रत्येक पाटीखाली एक टँकर उभा, त्याच्यापुढे हंड्यांची रांग. मी मामांना विचारलं, एवढी माणसं इथं येतात तरी कशाला? ते म्हणाले, "गावात पानी न्हाई म्हनून शहरात येतेत. शहरात बी न्हाई, पन इथं टँकर तरी येतो."

पाणी

मंगल कुलकर्णीकाकूंच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत राहायची. काकूंचे सासरे निजामाच्या काळात कचेरीत कारकुनी करायचे, आता मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर असतो. नळाला पाणी कितीतरी दिवसांनी एकदा यायचं. गॅलरीत तीन ड्रम, त्यांना झाकणं, झाकणांवर विटा.

पहिल्या सकाळी मी आमच्या पद्धतीने अंघोळ केली. केस धुतले, प्रवासातली लुगडी धुतली, न्हाणीघर धुतलं. घर स्वच्छ ठेवलेलं बरं, पाहुण्याने कामाला यावं, असा माझा विचार. काकूंनी ड्रमचं झाकण उचललं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या.

"मंगल, तुझ्या बहिणीनं गुरुवारपर्यंतचं पाणी अंगावर घेतलं गं."

मंगल एवढंच म्हणाली, "माझ्या वाट्यातून धरा, काकू." आणि पुढचे तीन दिवस तिने ओल्या पंच्याने अंग पुसलं.

तिने मला चार शब्द सुनवायला हवे होते. सुनवले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ती शिकलेली, समजूतदार झालेली, आणि मी तिच्या समजूतदारपणावरही जळत बसले.

संध्याकाळी मामा स्कूटरवर दोन कॅन घेऊन आले. मला ओट्याशी उभं करून त्यांनी धडा दिला. तांदूळ धुतलेल्या पाण्यात भाजी धुवायची, भाजीचं पाणी फरशीला, फरशीचं तुळशीला. "इथं पानी एकदा वापरून सोडून द्यायचं नसतं बेटा. तीनदा कामाला लावायचं. पानी म्हंजी मेहमान हाय, आलं की बसवून घ्यायचं."

प्रयोगशाळा

प्रयोगशाळेच्या दारावर चार नावं होती, त्यात मंगलचं दुसरं. मी ते दोनदा वाचलं. आत थंडगार, आणि कसलासा गोडसर वास. तिने मला उंच स्टुलावर बसवलं.

"आता आयक. पेशीतलो डीएनए म्हणजे दोन पदरांचो दोर."

"कोण वळता तो?"

"वळलेलोच असता."

हे मला पटलं नाही. मग तिने जे सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. आपल्या अंगातल्या, झाडाच्या, किड्याच्या, सगळ्यांच्या पेशीत हा दोर असतो. त्याच्यावर कामांच्या याद्या लिहिलेल्या असतात. एखादं काम करायचं झालं की एक वाचणारं यंत्र दोराच्या दोन पदरांमध्ये शिरतं आणि पदर बाजूला करत, वाचत वाचत पुढे सरकतं. हे यंत्र अवजड असतं, त्याला दोराभोवती गिरक्या घेता येत नाहीत. मग काय होतं?

"पुढचो पीळ घट्ट होता, मागचो सैल पडता," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुका कोणी सांगला?"

सांगायचं काय त्यात? तिच्या टेबलावर सुतळीचा तुकडा पडला होता. त्याची दोन्ही टोकं तिच्या हातात दिली, मधे अंगठा घालून पुढे रेटला. अंगठ्यापुढे सुतळी आवळत गेली, मग स्वतःवरच चढून वेटोळी झाली, आणि अंगठा अडकला. अंगठ्यामागे पदर लोंबकळत होते.

"आमच्याकडे ह्या शेंबड्या पोरांक ठावक असता," मी म्हणाले. "ह्याच्यात तुझी पाच वर्सां गेली?"

ती हसली. तिला राग आला नाही. म्हणाली, पाच वर्षं गेली ती पुढच्या गोष्टीत: तो पीळ जातो कुठे? पेशीत दोर मैलोगणती लांब असल्यासारखा, जागोजागी जखडलेला. पीळ टोकापर्यंत जाऊन निसटू शकत नाही. मग पेशीने त्यासाठी कारागीर ठेवलेत. त्यांचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, ती लाडाने 'टोपो' म्हणते. एक जातीचा टोपो दोराचा एकच पदर कापतो, दोराला गरागरा फिरू देतो आणि कापलेलं जोडून टाकतो. दुसरा त्याहून धीट, तो दोन्ही पदर कापतो, त्या फटीतून दोराचाच दुसरा भाग पलीकडे नेतो आणि पुन्हा सांधतो. सांधा दिसतसुद्धा नाही.

हे ऐकून मात्र मी सुतळी खाली ठेवली. वळलेला दोर मधे कापून गाठीशिवाय जोडणारा माणूस मी पाहिलेला नाही. बाबांनाही ते जमलं नसतं.

मंगल ज्वारीच्या रोपांवर काम करत होती. उन्हाचा ताण आला की रोपाला जीव वाचवायला काही कामं घाईने करावी लागतात. तेव्हा एकाच यादीवर एक नाही, एकामागोमाग एक कितीतरी यंत्रं धावतात. पीळ किती साचत असेल विचार करा. पण त्यात एक गंमत आहे, ती म्हणाली. पुढचं यंत्र आपल्या मागे सैल दोर सोडत जातं, मागचं आपल्या पुढे घट्ट करत येतं. मधल्या जागेत सैल आणि घट्ट एकमेकांना फेडून टाकतात. म्हणून एकामागे एक असली की दोघांचीही चाल सोपी होते. पुढचं थांबलं तर मागचंही रखडतं.

मला वाटलं, हिला म्हणायचंय की ती पुढे आणि मी मागे, आणि मी तिचे उपकार मानावेत. तिच्या मनात तसलं काही नव्हतं. ती रोपांबद्दलच बोलत होती. पण जळणाऱ्या माणसाला सगळीकडे आपलंच नाव ऐकू येतं.

दोर कशाला हवा होता ते तिने मग सांगितलं. शहरातल्या एका कॉलेजात कायमची एक जागा निघाली होती. तीन उमेदवार. प्रत्येकाने निवड समितीसमोर, खऱ्या वर्गापुढे एक तास घेऊन दाखवायचा. मंगलला विषय येतो, पण चार माणसांपुढे उभी राहिली की तिची जीभ टाळ्याला चिकटते, हे मी शाळेपासून बघत आले आहे. हातात काही धरायला असलं तर ती बोलते. म्हणून दोर.

जागा मिळाली नाही तर महिन्याभरात तिचं विद्यावेतन संपणार, खोली सोडावी लागणार. गावी काकांनी सावंतवाडीचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलाकडच्यांचं म्हणणं, सुनेने नोकरी करायची काय गरज.

"मिळाला नाय तर मी परत येतलंय, सुलू," ती म्हणाली. तिचे डोळे भरले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि त्याच वेळी मनात आलं: ये की. मग घरी उठता-बसता 'मंगल बघ, मंगल बघ' ऐकवतात ते तरी थांबेल.

औरंगपुरा आणि गच्ची

पदर ओळखू यावेत म्हणून एक तांबडा, एक निळा हवा होता. मामा मला औरंगपुऱ्यात रंग आणायला घेऊन गेले. गल्ली एवढी गच्च की स्कूटर लांब ठेवून चालावं लागलं. दुकानदार गल्ल्यामागून म्हणाला, "काथ्या रंगवायचा? गादीवाले का तुम्ही?"

"डीएनएवाले," मामा म्हणाले.

"ते कुठलं दुकान?"

"लई जुनं हाय. आपन सगळे त्यांचेच गिऱ्हाईक."

काथ्याने रंग काही नीट धरला नाही. तांबडा विटकरी झाला, निळा काळपट. काकूंच्या गच्चीवर मी चाक लावलं आणि दोन दिवस दोर वळला. मंगल दर तासाला येऊन सांगायची, पीळ उजवाच हवा, डीएनएचा उजवा असतो. मी म्हणायचे, एकदा सांगितलंस ना? मग दोन पदरांमध्ये बसेल असा लाकडी ठोकळा घेतला, बेलफळाएवढा, दोन्ही बाजूंना खाचा असलेला. दोर वळताना आम्ही तो वापरतोच. इथं तो वाचणाऱ्या यंत्राचं काम करणार होता.

प्रयोगशाळेच्या खिडकीच्या दोन गजांना मंगलने स्वतः दोर ताणून बांधला. मंगलने ठोकळा रेटला. पुढे दोर आवळला, दोरावर दोर चढला, ठोकळा घट्ट अडकला. मंगल बोलत गेली, न अडखळता. दाराशी उभ्या मामांनी टाळी वाजवली. सगळे खूश. मीही हसले. दोर माझा होता आणि टाळी तिला मिळाली होती.

वेरूळ

रविवारी मंगल मला वेरूळला घेऊन गेली, मी कुठे फिरलेच नाही म्हणून. कैलास लेणं वरून खाली खोदत आणलंय हे ऐकून मी कड्याच्या टोकापासून ते पायथ्यापर्यंत दोनदा बघितलं. आमच्या कामात चुकलं तर उसवून पुन्हा वळता येतं. या माणसांना एक छिन्नी चुकली तरी चालणार नव्हती. मला त्यांचाही हेवा वाटला, एवढी खात्री कुठून आणली असेल.

एका बाजूला गंगा, यमुना, सरस्वती तिघी दगडात उभ्या आहेत. त्यांच्यासमोर एक बाई लेकराला बाटलीच्या बुचातून घोट घोट पाणी पाजत होती.

बाहेर एका खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी आणि येसरची आमटी. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांची आणि मसाल्यांची पूड. तिखट, दाट, पोटात ऊब धरणारी. आठवा दिवस मासळीशिवाय होता, तरी मी दोनदा वाढून घेतली. तेव्हा मंगल म्हणाली, "तू शिकली असतंस तर माझ्या जागेर तूच असतंस. माझ्यापेक्षा बरी."

मी भाकरी मोडत राहिले. असं कुणी म्हणावं म्हणून मी किती वर्षं वाट बघत होते. आणि तिने म्हटल्यावर वाटलं, हिला हे म्हणायला काय जातंय? ती तिथे पोचून म्हणतेय.

"जेव आता," मी म्हणाले. "थंड होता."

तास

कॉलेजातल्या वर्गात साठेक मुलं होती. पुढच्या खुर्च्यांवर समितीची तिघं, त्यात पांढऱ्या केसांच्या एक बाई मधोमध. खिडक्यांना गज नव्हते, काचा होत्या. मामांनी प्रयोगशाळेतले दोन लोखंडी स्टँड आणले होते, ते टेबलाच्या दोन टोकांना आवळले. दोर बांधायचं काम माझं.

पहिलं टोक बांधलं. दुसरं बांधायला पिशवीत हात घातला आणि भोवरकडी काढली. भोवरकडी म्हणजे गरगर फिरणारी कडी. आमच्याकडे दोराचं एक टोक कायम तिच्यावर असतं. म्हशीच्या दाव्याला असते, होडीच्या नांगराला असते. दोन्ही टोकं जखडली की दोर गाठाळून मरतो, हे बाबांनी मला चाकावर बसवलं त्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं. तेव्हापासून हजारो दोर मी असेच बांधले. तोही तसाच बांधला. हाताने केलं, डोक्याला विचारलं नाही. मग शेवटच्या बाकावर मामांच्या शेजारी जाऊन बसले.

मंगलने सुरुवात केली. आवाज बारीक होता, पण येत होता. फळ्यावर चित्र काढून ती दोराकडे वळली, आणि तेव्हा मला कडी दिसली.

कडी फिरती असली तर ठोकळ्यापुढे साचलेला पीळ तिच्यातून निघून जाणार. दोर आवळणार नाही, चढणार नाही, काहीच होणार नाही. आणि मंगलचा सगळा तास त्या आवळण्यावर उभा होता.

आधी भीती आली. मग दुसरं काहीतरी आलं, ते लिहायला लाज वाटते. बरं वाटलं. ठोकळ्याला हात लावायला तिला अजून थोडा अवकाश होता. मी उठून 'जरा थांब' म्हटलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. मी उठले नाही. मनात सरसर हिशोब झाला: मी मुद्दाम केलेलं नाही, मला कोण दोष देणार, ती गावी येईल, सावंतवाडीला जाईल, दारावरचं नाव पुसलं जाईल.

तिने ठोकळा रेटला. ठोकळा लोण्यातून गेल्यासारखा सरकत गेला. टोकाला कडी गुपचूप फिरत होती. मंगलचा हात थांबला. तिने दोराकडे पाहिलं, पुन्हा रेटला. काही नाही. पुढचं वाक्य तिच्या तोंडाशी आलेलं दिसलं आणि तिथेच अडकलं. कुणीतरी खोकलं. समितीतल्या एकाने मनगट वर करून घड्याळ बघितलं.

मामा पुढे बघतच माझ्या कानाशी बोलले. "बेटा, ती कडी फिरतीय."

मी बाकाची कड नखाने खरवडली.

"तुला दिसतंय." हा प्रश्न नव्हता. मग त्यांनी प्रश्न विचारला. "मी उठू, का तू उठतीस?"

त्या आवाजात राग असता तर मी बसून राहिले असते. मला माझी ओळख आहे. पण त्यांनी जागा रिकामी करून दिल्यासारखं विचारलं. मी उठले. साठ मुलांच्या मधून चालत पुढे गेले, चपलांचा आवाज करत, आणि ती कडी मुठीत आवळून धरली.

"माघारी घे," मी मंगलला म्हणाले. "आता ढकल."

मुलं हसली. मंगलने ठोकळा मागे नेला, मी कडी उलटी फिरवून गेलेला पीळ परत भरला, आणि तिने पुन्हा रेटला. आता पीळ माझ्या मुठीशी येऊन थडकला. तळहात सोलवटायला लागला. दोर आवळला, थरथरला, स्वतःवर चढला, ठोकळा रुतला. हसणं थांबलं.

"या कोण?" पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं.

"माझी बहीण," मंगल म्हणाली. तिचा आवाज परत आला होता. "दोर वळणं हिचा धंदा. मी पुस्तकात वाचलं ते हिच्या हाताला आठवीपासून ठाऊक आहे." मग ती मुलांकडे वळली. "ही मूठ बघा. पेशीतला दोर असाच जागोजागी धरलेला असतो. यंत्र अडकलं, वाचन थांबलं. ज्वारीचं रोप उन्हात उभं आहे आणि जीव वाचवणारं काम बंद पडलंय. आता बघा. सुलू, सोड."

मी मूठ सोडली. कडी एवढ्या जोराने फिरली की दिसेनाशी झाली. वेटोळी सुटली, दोर सरळ झाला, ठोकळा मोकळा. मागच्या बाकावरची मुलं उभी राहून बघायला लागली.

"टोपो हेच करतो," ती म्हणाली. "फक्त त्याला टोकाला कडी लावायची सोय नाही. म्हणून तो मधेच एक पदर कापतो, दोर फिरू देतो आणि पुन्हा जोडतो."

एका मुलीने विचारलं, "आणि जोडलं नाही तर?"

"तर पेशी मरू शकते. काही औषधं तेच करतात, जोडूच देत नाहीत. जंतू मारायला, कॅन्सरच्या पेशी मारायला."

नंतर बाईंनी त्या कडीला हात लावून फिरवून बघितलं. "फिरती कडी मुद्दाम लावली होती?"

मंगल माझ्याकडे बघून हसली. "हो. हिची युक्ती. मला सुद्धा सांगितलं नव्हतं."

बाहेर आल्यावर तिने मला मिठी मारली. "आधी सांगलंस नाय कित्याक? जीव गेलो हुतो माझो." तिला खरोखर वाटत होतं की मी ते सगळं ठरवून केलं. मी मामांकडे बघितलं. ते स्टँडचे स्क्रू मोजत होते.

हर्सूल

शेवटच्या दिवशी मामांनी घरी जेवायला बोलावलं. वाटेत हर्सूलचा तलाव लागला. तळाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या आणि पोरं त्यात क्रिकेट खेळत होती. मामांच्या पत्नीने, चाचींनी, नान-खलिया केला होता. तंदूरचा पिवळसर, मऊ नान आणि हळदीच्या रश्शातलं मटण, वर तर्रीचा थर. मी नान मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

"मामा, तुम्ही तिला काही सांगितलं नाहीत."

"काय सांगू? तू उठलीस, तेवढं मी पाह्यलं."

"उशिरा उठले."

ते नान तोडत राहिले. मग म्हणाले, "मी बी उशिराच इचारलं बेटा. कडी मला आधीच दिसली हुती. म्हनलं बघू, पोरगी उठती का. माझा बी जीव खालीवर."

चाची म्हणाल्या, "खाने दो उसको. तुमच्या तासाचं नंतर बोला."

हात धुवायला त्यांनी मला मागच्या विहिरीवर नेलं. चार घरांत मिळून ती एक विहीर. वाकून बघितलं तर पाणी कुठे खोल चमकत होतं. रहाटाचा दोर बघून माझा हात आपोआप पुढे गेला. थोडा सुती, पुढे नायलॉन, पुढे जुनी वायर, मधे गाठी. पाणी खाली जाईल तसा चाचींनी तुकडा जोडत नेला होता. गाठ रहाटाशी आली की अडायची, बादलीला हिसका बसायचा आणि अर्धं पाणी परत विहिरीत.

"दर साली एक गाठ," चाची म्हणाल्या. "मी गिनना सोडून दिलं."

मी तो दोर हाताने वरपासून मोजून घेतला. चाचींना वाटलं मी खेळतेय.

मी घरी आल्यावर पंधरा दिवसांनी मंगलला जागा मिळाल्याचा फोन आला. काकांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले, आणि दोन्ही घशाखाली जळत गेले. जळणं गेलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. पण बरं वाटणं आणि जळणं दोन्ही एकाच वेळी असतं, एवढं आता मला कळतं.

मंगलला मी अजून काही सांगितलेलं नाही. फोनवर तीनदा तोंडाशी आलं. ती या मासिकाची वर्गणीदार आहे, तेव्हा हे छापलं तर ती वाचेलच. मंगल, ती कडी युक्ती नव्हती. ती चूक होती, आणि ती दिसल्यावर मी बसून राहिले ते चुकून नव्हतं. तुला काय म्हणायचं ते म्हण. या वेळी ओरड.

आणि मामा, तुमच्या विहिरीसाठी मी दोर वळायला घेतला आहे. निवडून काढलेला काथ्या आहे, पाण्यात कुजत नाही. मोजून आणलेल्या लांबीहून दहा हात जास्त धरलाय, पाणी आणखी खाली गेलं तरी पुरेल. एकसंध, एकही गाठ नाही. पार्सलने पाठवणार नाही. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते त्याने फिटणार नाही हे मला माहीत आहे, पण सुरुवात तिथून करीन. मी स्वतः घेऊन येईन आणि तुमच्या रहाटावर माझ्या हाताने चढवीन.